तिजोरीतली पासकी

मी बापूरावांच्या अंगठ्यावर लिंबू चोळत होतो. बापूराव आमच्या आर्वीच्या शेतकरी संस्थेचे अध्यक्ष, मी सचिव. बाहेर शेतकरी सातबारा घेऊन बसले होते. हमीभावानं सोयाबीन विकायचं तर ऑनलाइन नोंदणी लागते. तिचा तो शेवटचा दिवस. संध्याकाळी पोर्टल बंद होणार होतं आणि आमचं लॉगिनच होत नव्हतं.

पोर्टलनं पासवर्ड काढून पासकी आणली होती. पासवर्ड आपण लक्षात ठेवतो. पासकी फोनमध्येच राहते. फोनवर अंगठा ठेवला की वेबसाइट आत घेते.

आमची ऑपरेटर संगीता पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "साहेब, माझ्याही फोनवर एक पासकी करून ठेवू का?"

"किल्लीची नक्कल करायची नसते," मी म्हणालो.

संस्थेची तिजोरी दोघांच्या दोन किल्ल्या लागल्याशिवाय उघडत नाही. तोच रिवाज मी इथे लावला. फोन माझ्या ताब्यात, तिजोरीत. अंगठा बापूरावांचा.

पण त्या अंगठ्यानं रोज तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला जायचा. चुन्यानं रेषाच खाल्ल्या होत्या.

"काऊन एवढं घासून राह्यले? सालटं निघते ना!" बापूराव ओरडले.

"साहेब, फोनचा पिन टाकला तरी उघडते," संगीता म्हणाली.

पिन बापूरावांनीच ठरवला होता आणि त्याचं सीलबंद पाकीट मी तिजोरीत ठेवलं होतं. लाख फोडली. आत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : 'पिन अध्यक्षांना विचारावा.'

"सांगा, बापूराव."

"मले काय माहीत? तुम्हीच तर म्हणले होते, कोणालेच सांगू नका. म्या सोतालेही नाई सांगितला."

त्यांनी अंदाजानं आकडे टाकले. फोन म्हणाला, थोडं थांबा. पुन्हा टाकले. आणखी थांबा. पोर्टल मात्र थांबलं नाही.

शेतकऱ्यांनी माल पडेल भावात विकला. सभेत जाब विचारला गेला, तेव्हा मी अहवालात लिहिलं, 'ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे लॉगिन झाले नाही.' बापूरावांनी खाली सही केली. अंगठा कोणी मागितला नाही. संगीताची नोकरी गेली.

ते वाक्य खोटं होतं. नियम माझा, पाकीट माझं, हलगर्जीपणाही माझाच.

पासकी निदान दोन फोनांवर तरी ठेवावी. संगीतानं तेच सांगितलं होतं. आमचा फोन अजून तिजोरीत आहे. एकदम सुरक्षित.