किसनरावांची बायको

"परत घे," देशमुख म्हणाला. "आन् राव म्हणू नको. किशाचं नाव घे."

करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. रस्त्यावर आडवा बांबू. बांबूच्या अलीकडं मी, पलीकडं निजामाची मोगलाई. तिथं लिंबाखाली टेबल. टेबलामागं परवाने देणारा पेशकार, शेजारी खुर्चीत माझ्या सासरच्या गावचा देशमुख. खुर्चीच्या मागं, पागोटं काखेत धरून, माझा नवरा.

मी तिसऱ्यांदा उखाणा घेतला.

काळ्या काळ्या रानात पांढरं फुटलं बोंड,
किशाचं नाव घेताना लाजतं माझं तोंड.

सगळे हसले. टोपीवाले हसले, फेटेवाले हसले. बैल सोडून बसलेले गाडीवान हसले. ओझी घेऊन खोळंबलेल्या आमच्या वस्तीतल्या दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. इथं सगळे धर्म एक झाले होते.

मी वाऱ्यावर आलेली बाई नव्हते. माझं लग्न लागलं होतं. बार्शीत, गिरणीच्या चाळीसमोर, दिवसाढवळ्या. माझा बाप गिरणीत सरकी उपसायचा. चौथीपर्यंत मला त्यानं शिकवलं, आणि शिकवल्याचं वसूलही केलं. गावात निघालेलं चळवळीचं प्रत्येक पत्रक तो घडी घालून आणायचा आणि चाळीपुढं मला मोठ्यानं वाचायला लावायचा. माणूस माणसासारखा जगला पाहिजे, हे वाक्य माझ्या तोंडात परकराच्या वयापासून आहे. त्याची किंमत मला ठाऊक नव्हती.

आमच्या सोयरिकी दोन्ही मुलखांत. परंड्याकडच्या मुली बार्शीला, बार्शीच्या परंड्याकडं. मधे हद्द आहे हे फक्त करोडगिरीवाल्यांना माहीत. लुगडं नवं असलं तर जकात मागायचे, जुनं असलं तर जा म्हणायचे.

लग्नानंतर सासरी गेले. उंबऱ्यातच सासूनं विचारलं, "नाव काय म्हणालीस?"

"यमुना."

ती घाबरली. म्हणाली, "आगं, वाड्यातल्या बाईसाबाचं नाव हाय ते. म्हारवाड्यातनं कुणी यमुने म्हणून हाक मारली आन् तिकडं ऐकू गेली, तर?"

त्याच सांजेला माझं नाव धोंडी ठेवलं. नाव बदलणं सगळ्याच घरांत होतं. पण आमच्यात ते हौसेनं झालं नाही. भीतीनं झालं.

पहिल्या पंचमीला माहेरी आले. त्याच महिन्यात इंग्रज गेले. गिरणीवर तिरंगा चढला, बापानं गूळ वाटला. बांबूच्या पलीकडं निजामाचाच झेंडा राहिला. दसऱ्याला नवरा न्यायला येणार होता. आला नाही. निरोप आला: हद्द बंद आहे, आता तू परमुलखातली, परवाना लागतो. दरखास्त केली आहे, सोमवारी नाक्यावर ये.

तर ही ती सोमवारची गोष्ट.

पेशकारानं आधी विचारलं, "मर्द का नाम?"

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. मी पत्रकं वाचणारी, पण माझीही जीभ उचलेना. तेव्हा देशमुख म्हणाला, "उखाण्यात घिऊ द्या साहेब. नव्या नवरीला तेवढी गंमत पायजे."

मी लग्नात घेतला होता तोच उखाणा घेतला. त्यात किसनराव होतं. चाळीतल्या बायकांनी शिकवलं होतं, आणि चाळीत सगळ्यांचेच नवरे राव होते.

देशमुखाच्या कपाळाला आठी पडली. "कोण राव? किशाचा राव कदी झाला?" मग मान न वळवता मागं विचारलं, "काय रं किशा, राव झालास व्हय? आमाला सांगितलं न्हाईस."

"न्हाय जी," माझा नवरा म्हणाला.

"मग परत घे."

दुसऱ्यांदा घेताना सवयीनं पुन्हा राव आलं. तिसऱ्यांदा आलं नाही. ते मी गिळलं. आजही ते घशात आहे.

मग कागद निघाले. दरखास्त नवऱ्यानं लिहवून घेतलेली. तीत बायकोचं नाव धोंडी. माझ्याजवळ बार्शीचा शाळेचा दाखला. त्यात यमुना. पेशकारानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि कारकुनाला म्हणाला, "औरत एक, नाम दो. शादी का गवाह कौन है?"

मी म्हणाले, "साहेब, लग्नाला आमची सगळी चाळ होती."

"इज्जतदार गवाह," तो म्हणाला.

सगळ्यांनी देशमुखाकडं पाहिलं. त्याला सगळं ठाऊक होतं. माझं नाव बदललं ते त्याच्याच वाड्यामुळं. त्याच्या तोंडून एक वाक्य निघालं असतं, की ही किसनची बायको, तर मोहर पडली असती. एवढ्याच कामाला त्याला बोलावलं होतं.

तो पान चघळत होता. म्हणाला, "लग्नाला मी कसा जाणार त्यांच्या? न पाहिलेलं सांगू कसं? पण पोरगी उपाशी राहू ने. आसं करा साहेब. बायको लिवायचं ऱ्हाऊ द्या. वाड्यावरची कामकरीण लिवा. धोंडी. माझ्या जिम्मेदारीवर."

पेशकाराची लेखणी भराभर चालली. बायको म्हणून जे तासभर जमलं नाही, ते कामकरीण म्हणून पान थुंकायच्या आत झालं. कारकुनानं कागद मराठीत वाचून दाखवला. धोंडी, देशमुखांच्या वाड्यावरच्या गोठ्याच्या कामाकरता. काम असेपर्यंत मुलखात राहील. काम सुटल्यास हद्दपार.

माझा नवरा वेठीला होता. त्याचा बापही वेठीलाच मेला. आता मी. आणि ज्या दिवशी शेण काढायला नाही म्हणेन, त्या दिवशी नवरा तिकडं आणि मी इकडं. कागदावर तसं लिहिलं होतं, मोहरेसकट.

शिपायानं शाईची डबी बांबूवर ठेवली आणि दोन पावलं मागं सरला. अंगठा टाक म्हणाला.

मी नवऱ्याकडं पाहिलं. लग्नानंतर मी त्यांच्याशी फारसं बोलले नव्हते. घरात माणसं फार, दिवस थोडे. पण पंचमीला निघताना ते वेशीच्या पार, ओढ्यापर्यंत माझं गाठोडं घेऊन आले होते. त्या माणसाला मी विचारलं.

"तुमी सांगा ह्यास्नी. मी कोण हाय?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग देशमुखाच्या मानेकडं पाहिलं. मग खाली.

"टाक अंगठा," ते म्हणाले. "मागनं बघू."

मागनं. त्यांचा बाप हेच म्हणत मेला असणार.

डबी मी तशीच बांबूवर राहू दिली. अंगठ्याला शाई लागू दिली नाही. म्हणाले, "मला लिहिता येतं. माझं नाव यमुना. नवऱ्याचं नाव किसनराव. मी त्यांची बायको. आसं लिवा, मी सही करते."

उखाण्याशिवाय, उघड्या तोंडानं, पूर्ण नाव. आभाळ कोसळलं नाही. फक्त हसू थांबलं.

पेशकार म्हणाला, "और नहीं तो?"

"तर न्हाई."

देशमुख सावकाश उठला. "बार्शीचं पाणी हाय ह्ये," तो म्हणाला. "यमुना म्हनं. आन् लिवतीय. मग शेण कुणी काढायचं, माझ्या बायकुनं? किशा, तुझी तू हाकल."

माझा नवरा खुर्चीमागनं निघाला. बांबूपाशी आला. आमच्यात हातभर अंतर होतं. पागोटं अजून काखेतच. ओठ हलत होते. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"जा," ते म्हणाले.

मी परत आले.

आता बार्शीत, निजामाविरुद्ध लढणाऱ्या हद्दीवरल्या माणसांनी उघडलेल्या एका खोलीत, मी पत्रकं लिहिते. जी मी वाचत होते तशीच, पण आता अक्षर माझं. चाऱ्याच्या गाडीतून ती पलीकडं जातात. खाली नाव घालू नको, असं सगळे सांगतात. मी घालते. धोंडी नाही. यमुना. वाड्यात माझ्या नावाच्या बाईसाहेब आहेत, त्यांनाही वाचता येत असेल तर वाचावं.

तो बांबू मोडणार आहे, हे दोन्ही बाजूंना कळून चुकलं आहे. मोडेल त्या दिवशी गुलाल उधळायला मी थांबणार नाही. भर दुपारी, पायात वहाणा घालून, वाड्याच्या पुढच्या दारावरून जाईन. माझ्या हातात एकही कागद नसेल. देशमुखाला मी काही विचारणार नाही. त्याची साक्ष मला नको.

विचारीन ते नवऱ्याला. तोच प्रश्न, सगळ्या गावापुढं. मी कोण हाय?

मान वर करून उत्तर दिलं, तर त्यांच्या घरात राहीन, आणि वाड्यावर आम्हा दोघांपैकी कुणीही जाणार नाही. त्या दिवशीही त्यांनी खालीच पाहिलं, तर आल्या वाटेनं परत येईन. तेव्हा मला जा म्हणायची कुणाला गरज पडणार नाही.