वधूपित्याचा मोतीबिंदू

मोतीबिंदूचं ऑपरेशन तोट्यात जातं, हे मी वहीच्या एका पानावर गणिताने सिद्ध केलं होतं. (खानापूर तालुक्यातल्या शाळांत जन्मभर गणित शिकवलं, निवृत्त झालो म्हणून सवय जाते कुठे?) डाव्या बाजूला खर्च: भिंग, औषधं, रिक्षा, काळा चष्मा. उजव्या बाजूला फायदे. पेपर वाचता येईल. पण पेपर बायको मोठ्याने वाचते, तोही फुकट. बसची पाटी वाचता येईल. पण आमच्या सीमाभागात ती कन्नडमध्ये, डोळे धड होते तेव्हाही मी विचारूनच चढत होतो! माणसं ओळखता येतील. आमच्या खासबाग पेठेतली माणसं बघता हा फायदा की तोटा, तेच ठरेना.

"अहो, स्नेहलच्या लग्नाआधी करून घ्या की," बायको म्हणाली. "डॉक्टर म्हणत्यात, लई सोपं हाय."

"मोतीबिंदू काय पळून जातोय व्हय? आधी लग्न होऊ दे. खर्च काय थोडा हाय?"

"आप्पा, माझ्या लग्नात तुम्हाला मीच दिसायची न्हाय," स्नेहल म्हणाली. एकुलती एक लेक, बोलायला आईवर गेलेली.

"बापाला लेक दिसायला डोळे लागत न्हाईत गं!"

वाक्य इतकं झकास जमलं होतं, की मी ते गुंजीच्या व्याह्यांनाही फोन करून ऐकवलं.

लग्न मच्छे गावातल्या एका हॉलमध्ये लागलं. वधूपित्याचं काम एकच: दारात हात जोडून उभं राहायचं आणि दिसेल त्याला विचारायचं, "जेवलासा न्हवं?" मला धड कुणीच दिसत नव्हतं, म्हणून मी सगळ्यांनाच विचारत सुटलो. नवरदेवाच्या काकांना पाच वेळा. आचाऱ्याला दोनदा! दाराशी एक फेटेवाले गृहस्थ कधीचे हात जोडून उभे होते, जेवायला हलेचनात. मी आग्रहाने हात धरून ओढला, तर हात माझ्या हातातच आला! तो हॉलवाल्यांचा स्वागताचा पुतळा होता. (हात त्यांनी नंतर बिलात लावला.)

स्नेहलची मात्र काळजी नव्हती. पिवळा शालू दिसला की ती स्नेहल, एवढं सोपं ठेवलं होतं.

संध्याकाळी पाठवणी. निघण्याआधी नवरीला सासरची साडी नेसवतात, ही आपल्याकडची रीत. ती मला माहीत आहे, पुष्कळ लग्नांत पाहिली आहे. त्या दिवशी नेमकी लक्षात राहिली नाही. त्यात व्हिडिओवाल्याने दिवा थेट माझ्या तोंडावर मारला, आणि मोतीबिंदूला झगमगाट सोसत नाही. सगळं पांढरं! मी डोळे बारीक करून पिवळा रंग शोधत होतो. तेवढ्यात हिरव्या साडीतली कुणी बाई पुढे आली, माझ्या पाया पडली आणि उठून तशीच समोर उभी राहिली. जागची हलेचना. मला वाटलं, जिलेबी जास्त झाली असेल. मी हात जोडले.

"जेवलासा न्हवं?"

अख्खा हॉल हसला. ती बाईही हसली, पदर तोंडाला लावला आणि गाडीत जाऊन बसली. गाडी निघूनही गेली.

"कुणाची गं ती?" मी बायकोला विचारलं. "जेवली का न्हाय, कायबी बोलली न्हाय."

"तुमचीच," बायको म्हणाली.

पंधरा दिवसांत मी डोळा करून घेतला. चहा निवायला लागतो तेवढा वेळ लागला. खर्च? हॉलच्या दारातल्या रंगीत कारंज्याला आम्ही त्याहून जास्त दिले होते, आणि ते कारंजं मला दिसलंसुद्धा नव्हतं! मग लग्नाचा व्हिडिओ लावला. आता सगळं स्वच्छ दिसलं. पाया पडून उठलेली स्नेहल, डोळे भरलेले, दोन्ही हात थोडे पुढे, बाप जवळ घेईल म्हणून थांबलेली. आणि समोर मी, मतं मागायला आल्यासारखा! तो तुकडा मी पुन्हा कधी लावला नाही. वाईट वाटतं. फार वाईट वाटतं.

आता स्नेहल माहेरी आली की उंबऱ्यातच हात जोडते. "आप्पा, जेवलासा न्हवं?" सगळं घर हसतं, मीही हसतो, आणि तिला जवळ घेतो. "आप्पा, सोडा की आता, पिशवी तरी खाली ठेवू दे," असं ती म्हणेपर्यंत.

वहीतलं ते पान मी अजून फाडलेलं नाही. परवा नव्या डोळ्याने नीट वाचलं. फायद्यांच्या यादीत लेकीचं नाव कुठेच नव्हतं. आणि खर्चाची बेरीजसुद्धा चुकलेली होती!