माऊस हलता ठेवा

शेजारच्या टेबलावर शिंदेबाई दवाखान्याचा नकाशा काढतात. आज त्या खिडकीबाहेर बघत नुसताच माऊस फिरवत होत्या.

"बाई, खेळताय होय?"

"खेळतेय कसली! स्ट्रेचर वळेल असा जिना सुचत नाहीये. हात थांबला की ऑफिसचं नेटवर्क मला रिकामी धरतं, नकाशाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स दुसऱ्याला देतं. साहेब म्हणालेत, पुन्हा रिकाम्या दिसलात तर हा नकाशाच काढून घेईन."

लायसन्सं मोजकी, वाटून वापरावीत, कबूल. पण विचार करणाऱ्या माणसाला रिकामं ठरवायचा हक्क यांना दिला कुणी? कुठलंही चांगलं काम आधी स्वस्थ बसूनच सुचतं ना?

मी माऊस ओढून घेतला. "मी हलवतो. तुम्ही विचार करा."

बाई डोळे मिटून बोटानं हवेत जिना काढायला लागल्या.