सोबतीला गेलेली

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या लॉन्ड्रीत तिला सगळे 'फौजदार' म्हणत. एकवीस वर्षं ती इस्त्रीच्या टेबलापाशी उभी होती. जीभ फटकळ, मालकाचीही भीड ठेवायची नाही. धाकटी बहीण मात्र एक नंबरची भित्री. घरात पाल दिसली तरी हिला फोन.

त्या दिवशी फोनवर धाकटी नुसतीच रडत होती. डाव्या स्तनात गाठ हाताला लागली होती, चांगली बोराएवढी. दोन महिने तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"दोन महिने? अक्कल गहाण टाकली होतीस का?" ताई कडाडली, आणि दुसऱ्याच दिवशी रजा टाकून तिला दवाखान्यात घेऊन गेली.

मॅमोग्राफीच्या खोलीच्या दाराशी धाकटीची पाचावर धारण बसली. "ताई, मी नाही जात. घरी चल."

"हे बघ, मीपण करून घेते. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. आता तरी येशील?"

मशीनवरच्या बाईनं वय विचारलं. "एक्कावन्न? मग तुम्ही करायलाच हवी."

आधी ताई आत गेली. थंडगार पट्टीवर स्तन ठेवून वरून दुसरी पट्टी दाबत आणली, तेव्हा तिनं दातावर दात रोवले. बाहेर येऊन म्हणाली, "चादरी काय सोसतात ते आज कळलं." धाकटी रडता रडता हसली आणि आत गेली.

तासाभरानं डॉक्टरबाईंनी धाकटीची सोनोग्राफी केली, सुईनं गाठीतलं पाणी ओढून काढलं. गाठ जागच्या जागी बसली. "नुसती पाण्याची होती. काळजीचं कारण नाही." धाकटीनं बहिणीला मिठी मारली. ताईनं पर्स उचलली.

"तुम्ही जरा थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या उजव्या बाजूचे फोटो पुन्हा काढायचेत."

"माझे? माझ्या तर हाताला काहीच लागत नाही."

"हाताला लागायच्या आधीच दिसावं, म्हणून तर हे मशीन."

पडद्यावर मिठाचे कण सांडावेत तसे पांढरे ठिपके एका जागी गोळा झाले होते. काखेतही एक गाठ सुजलेली दिसली. दोन्हीकडे भूल देऊन जाड सुईनं बारीक तुकडे काढले. सुई प्रत्येक वेळी खट् वाजली आणि ताई प्रत्येक वेळी दचकली. बाहेर बाकावर धाकटी नवऱ्याशी फोनवर बोलत होती, "सुटले बाई मी, सुटले!" ते ऐकून ताईच्या मनात आलं, गाठ हिची आणि भोग माझ्या वाट्याला? दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची शरम वाटली. हे तिनं पुढं कधीच कुणाला सांगितलं नाही.

रिपोर्टला आठ दिवस लागले. त्या आठवड्यात तिच्या हातून दोन चादरी करपल्या. मालकानं पैसे कापले नाहीत, त्याचंच तिला जास्त भय वाटलं.

"कॅन्सर आहे," डॉक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. "काखेतल्या गाठीपर्यंत पोचलाय. पण उपचार आहेत, आणि ते लगेच सुरू करायचे."

धाकटी हुंदके देऊ लागली. "माझ्यामुळे झालं हे. मी तुला तिथं यायला लावलं नसतं तर—"

"तर काय, तो आपल्या पायानं निघून गेला असता? डोळे पूस आधी."

स्तन काढावा लागला. सहा वेळा सलाईनमधून औषध दिलं. केस गेले, तोंडाची चव गेली. काखेतल्या गाठी काढल्यामुळे उजवा हात सुजला, इस्त्री उचलेना. मालकानं तिला घड्या मोजायला बसवलं. एकवीस वर्षं ज्या हातानं कमावलं, तो आता उशीवर ठेवून बसावं लागे.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी ती तपासणीला जाते. तारीख जवळ आली की झोप उडते, शब्दाला शब्द लागून घरच्यांशी भांडणं होतात. गेल्या खेपेला डॉक्टरबाई म्हणाल्या, "आत्ता तरी काही दिसत नाही." जिना उतरताना धाकटीनं विचारलं, "ताई, आनंद नाही झाला तुला?"

"झाला ना," ताई म्हणाली आणि कठड्याला धरून पायरी उतरू लागली. "पण 'आत्ता तरी' म्हणाल्या त्या. ऐकलंस ना?"