गिअरवर हात टेकवला की...

सरळ सांगते. भूतबित मी मानत नाही, हे घडलं तेव्हाही मानत नव्हते. हे वाचून कोणी "आली ना शेवटी लाइनीवर!" म्हणणार असेल, तर त्यानं इथंच थांबावं. सौसरच्या बसस्टँडवर दर शनिवारी मी ड्रायव्हर लोकांना पत्रकं वाटते. मथळा माझाच — 'लिंबू-मिरची नको, गिअर ऑइल बघा!' खाली लक्षणं : उभ्या गाडीखाली तेलाचे डाग, गिअर टाकताना कर्र आवाज, चालत्या गाडीत गिअर आपोआप सुटणं, जळका वास. यातलं काहीही दिसलं तर मिस्त्रीकडे जा, बुवाकडे नाही. लोक पत्रक घेतात आणि त्यात लिंबू गुंडाळून नेतात. असो!

माझी व्हॅन मोठेबाबांची, म्हणजे वडलांच्या मोठ्या भावाची. ते वारले आणि ती माझ्याकडे आली. चालवायला त्यांनीच शिकवलं. मला गिअरवर हात टेकवून बसायची सवय, की लगेच हाताच्या पाठीवर चापट! "हात स्टेरिंगवर! गिअर का तुही टेकायची काठी हाय?" बरोबरच होतं त्यांचं. हाताच्या भारानं आतला फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारा चिमटा, झिजतो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचा, रेखाताईचा, शिक्षक भरतीत नंबर लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी भोपाळला कागदपत्रं दाखवायची होती. नाही पोचली तर नोकरी गेली. रेल्वे पांढुर्ण्याहून, संध्याकाळची. आम्ही रामाकोन्याहून दुपारीच निघणार होतो. निघण्याआधी मी व्हॅनखाली शिरले, ती माझ्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच... तर गिअरबॉक्सच्या बुडाला तारेनं आवळलेली काळी चिंधी! नजर लागू नये म्हणून, दुसरं काय! माझं डोकंच फिरलं. जगाला पत्रकं वाटायची आणि घरच्याच गाडीत हे! पक्कड घातली, तार तोडली, चिंधी उकिरड्यावर.

"काहून तोडली वं?" मोठी आई म्हणाली. ती रेखाताईची आई.

"अंधश्रद्धा होती."

"तुह्या मोठेबाबायनं बांधली होती ते."

"म्हणूनच तोडली!"

मोठी आई आणि ताई मागच्या सीटवर. पुढे माझ्या बाजूला ताईची बॅग आणि भाकरीचा डबा. सौसर सुटलं आणि गिअरबॉक्स गुणगुणायला लागला. मग तिसरा गिअर सुटला. पुन्हा टाकला आणि सुटू नये म्हणून हातानं दाबून धरला — चट्! हाताच्या पाठीवर.

"ताई, मस्करी नको करू."

"मी कायची मस्करी करून राहिली? मी तं फाइल पाहून राहिली."

थोडं पुढे जाऊन पुन्हा — चट्! आता दोघींनीही ऐकलं. मोठी आईनं पुढे वाकून माझ्या हाताकडे पाहिलं. पण रेल्वे डोक्यात! मी गिअर सोडलाच नाही. जामसांवलीच्या मारुतीच्या देवळाचा फाटा आला आणि तिसरी चापट अशी बसली, की हात उडाला, गिअर सुटला आणि मी गाडी बाजूला घेतली.

मागे रस्त्यावर तेलाची रेघ. खाली वाकले तर ऑइल सोडायचा नट शेवटच्या आट्यावर लोंबत होता. नट ढिला झाला होता म्हणून मोठेबाबांनी त्यावर चिंधी गुंडाळून तार आवळली होती, आणि मी तीच तोडली! पण माझा राग कायम. नवा नट बसवायला काय झालं होतं? आणि चिंधी काळीच कशाला?

"जुन्या छत्रीचं कापड होतं वं ते," मोठी आई म्हणाली. "घरात तेच पडलं होतं."

फाट्यावरच्या मिस्त्रीनं नवा नट बसवला, ऑइल भरलं. "आणखी दामटली असती तं गिअरचे दात गेले असते, बाई. मारुतीची कृपा."

"मारुतीची नाही, पान्याची."

"बरं, पान्याची," म्हणून त्यानं देवळाच्या दिशेनं हात जोडले.

रेल्वे मिळाली! ताई चढल्यावर मोठी आईनं प्लॅटफॉर्मवर माझा लाल झालेला हात उलटा करून पाहिला आणि जी हसायला लागली... "त्यायचा हात जडच होता, माय! पोरीची गाडी चुकू देतात का ते?"

पत्रकं छापणाऱ्या आमच्या संघटनेतल्या मित्रांना सांगितलं. एक म्हणाला, लिव्हरनं झटका दिला असेल. देईल ना — पण तळहाताला! पाठीवर कसा? दुसरा म्हणाला, नस आखडली असेल. नस आखडल्याचा आवाज मागच्या सीटवर ऐकू जातो का? तुमच्याकडे उत्तर असेल तर जरूर लिहा. 'आत्मा' असं लिहिलंत तर मात्र मी भांडेन.

ताई आता मास्तरीण आहे. व्हॅन ठणठणीत आहे, ऑइल मी वेळेवर बदलते. चापट त्यानंतर एकदाही बसली नाही.

रस्ता मोकळा असला की मी अजूनही कधीकधी गिअरवर हात टेकवून बघते. प्रयोग म्हणून. निव्वळ प्रयोग.