कुंदा मॅडमचे कोरडे पोहे

कुंदा मॅडम नमस्कार करत नसत. समोर येऊन उभ्या राहायच्या आणि सरळ समोरच्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघायच्या. मी लग्न होऊन अमरावतीहून रायपूरला, चौबे कॉलनीत आले, तेव्हा शेजारीण म्हणून मला बघायला आल्या आणि भर बैठकीत माझी पापणी ओढली. "पांढरी फटक! रक्त कुठं ठेवून आलीस गं, माहेरी? पालक खा." माझ्या सासूबाईंनी, म्हणजे मंगलाबाईंनी, कपाळावर हात मारला.

शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली ही बाई. एकटीच राहायची. शाळा सुटली, पण शिकवणं कुठलं सुटायला! भाजीवाल्याला टोमॅटो फळ कसं ते समजावी, मोहल्ल्यातल्या भटजींना त्यांच्या ढेकराचं कारण सांगे. "तोंडाचं ऐकू नये, पापणीचं ऐकावं," हे तिचं ब्रीद. सासूबाई तिला चावट म्हणत आणि रोज संध्याकाळी तिच्याच ओट्यावर जाऊन बसत.

बायका एकत्र जमून कुणाची उणीदुणी काढायला लागल्या, की मॅडम प्रत्येकीच्या हातावर मूठभर कोरडे पोहे ठेवायच्या. "चावा. गोड लागेपर्यंत गिळायचं नाही. लाळेनं पोह्यातल्या पिष्टाची साखर होते, स्वतः अनुभव घ्या." पोहे खरंच गोड लागायचे. पण तोवर तोंड बंद! आपल्याला शिकवलं की गप्प केलं, हे बायकांना कधी कळलंच नाही.

इकडे माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलत नव्हता. गंडे झाले, नवस झाले, माझ्या एकटीच्या तपासण्या झाल्या. माझ्यात काही निघालं नाही. नवऱ्याला तपासा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तर सासूबाई उसळल्या, "माह्या पोट्ट्याले कायले? चांगला धडधाकट आहे!" धडधाकट पोट्टा खाली मान घालून चहा पीत होता. शेवटी दुर्गला राहणाऱ्या, नवऱ्याच्या आत्याबाईंशी ठरलं, की उन्हाळ्यात मला माहेरी पोचवायचं आणि मग 'पुढचं पाहू'. पुढचं म्हणजे काय, ते न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. आतल्या आत जळत होते नुसती.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमचं घर बायकांनी भरलं. आत्याबाईही आल्या होत्या. डाळ-पन्हं व्हायच्या आधीच मॅडमनी पिशवीतून पोहे काढले आणि यजमानिणीपासून सुरुवात केली. सगळ्यांची तोंडं भरल्यावर मधोमध उभ्या राहिल्या.

"बायांनो, मंगलाबाई सकाळी लौकीचा, आपल्या दुधीचा, वेल उपटून राहिल्या होत्या. काहून? तर म्हणे वेल वांझ आहे, लौकी धरत नाही. मी जाऊन पाहिलं. ज्या फुलाच्या बुडाशी बोटाएवढी लौकी असते, ते बाईफूल. बिचारी नटूनथटून तयार बसली आहे! पण गडीफुलाचा पराग पोचला नाही, तर ती पिवळी पडून गळणारच. यात तिचा काय गुन्हा? आधी गडीफुलाले पाहा नं! माणसाचंही असंच असते. जीवशास्त्र आहे, मी माझ्या मनचं नाही सांगून राहिली."

सासूबाईंचा चेहरा लालबुंद. बोलायचं तर तोंडात पोहे, थुंकायचं तर समोर गौर! चावता चावता डोळ्यांनीच त्यांनी मॅडमला किती शिव्या दिल्या असतील, ते त्यांनाच ठाऊक. मला हसू आवरेना आणि रडूही. पन्ह्याचं भांडं घेऊन मी स्वयंपाकघरात पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम दारात हजर. "भैया, स्कूटर काढा, डॉक्टरकडे जायचं आहे." माझ्या नवऱ्यानं आईकडे पाहिलं. आई देवघराकडे तोंड करून बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "जाय."

दोष त्याच्यात निघाला.

मूल झालं का, हे लोक आधी विचारतात. नाही झालं. औषधं झाली, उपाय झाले, नाही झालं. पण उन्हाळ्यात आत्याबाई आठवण करून द्यायला आल्या, तेव्हा सासूबाई कडाडल्या, "सून कुठी नाही जात! पाठवाचंच अशीन तर पोट्ट्यालेच पाठवीन." एवढं मोठं सुख मला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिलं नाही.

मॅडम मागच्या वर्षी गेल्या. देह मेडिकल कॉलेजला द्यायचा, असं आम्हाला बजावून ठेवलं होतं, "जन्मभर फळ्यावर आकृत्या काढल्या, आता एकदा खरीखुरी दाखवू द्या." सासूबाई हट्टानं सोबत आल्या. आम्ही मॅडमना तिथे सोपवलं. निघायची वेळ झाली तरी सासूबाई हलेनात. पांढरे कोट घातलेले विद्यार्थी उभे होते, सगळे हिंदी बोलणारे. सासूबाई त्यांना आपल्या मराठीतच म्हणाल्या, "नीट शिका रे पोट्ट्याहो हिच्यापासून. मी लय उशिरा शिकली."

"हव, दादी," पोरं मान डोलावून म्हणाली.