अडकलेलं रेकॉर्डिंग

हे गेले, त्यानंतर आठ महिने त्यांचा कंप्यूटर मी बंद केला नाही. वापरतही नव्हते. रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसायची, एवढंच.

निवृत्तीनंतर यांनी एक काम अंगावर घेतलं होतं. उज्जैनमधल्या जुन्या मराठी घरांत जायचं, म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं आणि ते रेकॉर्ड करून ठेवायचं. आपली ही हिंदीत कालवलेली मराठी पुढे कुणी बोलणार नाही, असं त्यांना वाटे. असंच काम करणाऱ्या काही लोकांनी आपापले कंप्यूटर इंटरनेटवरून एकमेकांना जोडले होते. ज्याला जे हवं, ते त्यानं दुसऱ्याच्या कंप्यूटरवरून थेट घ्यायचं. मध्ये कुणी मालक नाही.

एका सकाळी पुण्याहून एका बाईंचा फोन आला.

"काकू, तुम्ही मला ओळखत नाही. माझी आई भैरवगढ़च्या शाळेत शिकवायची. काकांनी तिचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं."

आईला पक्षाघात झाला होता, वाचा गेली होती. ते रेकॉर्डिंग तिच्या कंप्यूटरवर पाऊणएक उतरून तीन आठवडे तिथेच अडकलं होतं. उरलेले तुकडे फक्त आमच्याकडे होते.

"काका कसे आहेत?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. ती हळहळली. मग म्हणाली, "राहू द्या मग, काकू."

"राहू कशाला द्यायचं? मी बघते."

तीस वर्षं बँकेत काढली, मशीनला मी भीत नव्हते. या खुर्चीत बसायला मात्र जीव होत नव्हता. बसले. फाइल उचलून पाठवावी म्हटलं, तर फोल्डरमध्ये नुसते आकडे आणि तुकडे. प्रोग्रॅम उघडला. बाहेर जाणाऱ्या जोडण्या चार, आत येणाऱ्या शून्य.

तिनं फोनवर समजावलं. आमचा कंप्यूटर दुसऱ्यांना हाक मारू शकत होता, पण त्याला कुणाची हाक पोचत नव्हती. तिच्याकडेही तेच. दोघांपैकी एकाला तरी वाट उघडावी लागणार होती.

ती वाट कशी उघडायची, ते यांनी वहीत लिहून ठेवलं होतं. बाहेरून येणारी हाक कुठल्या कंप्यूटरकडे वळवायची, हे राउटरला सांगायचं. वही घेऊन राउटरचं पान उघडलं, तर ते वेगळंच दिसलं. तेव्हा लक्षात आलं. हे गेल्यावर त्यांच्या नावावरचं कनेक्शन मीच बंद केलं होतं आणि दुसऱ्या कंपनीचं माझ्या नावावर घेतलं होतं. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती घेऊन एकेक काम उरकत होते, त्यातलंच ते एक. जुना राउटर परत गेला, आणि यांनी त्यात केलेलं सगळं त्याच्याबरोबर गेलं.

वहीत होतं तसं भरलं. तरी शून्यच.

मग नानाखेड़ाला कंपनीच्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं. "माताजी, आपका पता अकेले का नहीं है," तो म्हणाला. आख्ख्या कॉलनीची कनेक्शनं इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यावरून बाहेर जात होती. बाहेरून आलेली हाक नेमकी कुठल्या घरासाठी, ते कळायला मार्ग नव्हता. स्वतंत्र पत्त्यासाठी त्यानं अर्ज दिला. त्यात कारणाचा रकाना होता. एकदोन शब्द लिहून खोडले. शेवटी 'पति का काम' एवढंच लिहिलं.

दोन दिवसांनी पत्ता मिळाला. दुपारी स्क्रीनवर शून्याचा एक झाला. तासाभरात तिचा निरोप आला, पूर्ण उतरलं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "काल आईला ऐकवलं तर तिनं तोंड फिरवलं. मी लगेच बंद केलं. आज सकाळी मात्र तिनं स्वतःच फोनकडे बोट दाखवलं. सगळं ऐकलं, काकू." मग ती म्हणाली, "काकांचाही आवाज आहे त्यात."

मला ते माहीत होतं. म्हणून तर मी आजवर एकही रेकॉर्डिंग लावलं नव्हतं.

चार दिवसांनी त्या प्रोग्रॅममधून तेच रेकॉर्डिंग लावलं. बाई आपल्या शाळेबद्दल सांगत होत्या, हे मधूनमधून हूं म्हणत होते. एका ठिकाणी यांनी विचारलं, "थकलात का? रुकूया का जरा?" बाई म्हणाल्या, "नाही, आता आठवतंय तर सांगून घेते." मग त्या आणखी अर्धा तास बोलल्या. मी शेवटपर्यंत बसून ऐकलं.